चेतकचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट

गेल्या एप्रिलमधला शनिवार. संध्याकाळचे साडेपाच. मंचर मागे टाकून आम्ही घोडेगावच्या रस्त्याला लागलो होतो. हँडल माझ्या हातात, मागे अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्या मांडीवर आत्याला द्यायची कैऱ्यांची पिशवी. स्पीडोमीटरचा काटा पन्नासच्या आसपास थरथरत होता. हेल्मेटच्या काचेतून ऊसच ऊस दिसत होता आणि मी मनातल्या मनात या ट्रिपच्या फोटोंना कॅप्शन शोधत होते.

तेवढ्यात खालून 'घर्रक्' असा आवाज आला आणि मागचं चाक जाम!

पन्नासच्या स्पीडला मागचं चाक जाम होणं म्हणजे काय, हे ज्यांचा जन्म गिअरलेस स्कूटरच्या जमान्यात झालाय त्यांना सांगून कळणार नाही. गाडी रस्त्यावर शेपूट हलवत घसरायला लागते. मी वाचले (आणि कैऱ्याही वाचल्या) त्या एका सवयीमुळे. अकरावीत असताना अण्णांनी शिकवलं होतं, 'टू-स्ट्रोक चालवताना डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. का ते विचारू नको, एक दिवस कळेल.' दहा वर्षांनी कळलं. क्लच दाबला, चाक मोकळं झालं आणि गाडी आवाज न करता रस्त्याच्या कडेला गेली.

हं तर, आधी गाडीची ओळख. बजाज चेतक, मॉडेल १९८८. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे घरातलं थोरलं अपत्यच. चेतक बाजारात आली १९७२ साली, नाव अर्थातच महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. कुणाकुणाला तर दहा दहा वर्षं थांबावं लागलं. अण्णांनी नोकरीला लागल्यावर १९८१मध्ये नंबर लावला आणि सात वर्षांनी गाडी दारात आली. हिंजवडीतल्या माझ्या मित्रांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. दहा मिनिटांत बिर्याणी आली नाही तर ही मंडळी कस्टमर केअरला फोन लावतात!

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आपटाळे, इंगळूण, पुढे आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली गावं... जिथे एसटी दिवसातून एकदा जायची तिथे गुरुजी चेतकवर जायचे. पावसात कमरेपर्यंत चिखल उडवत. पुढे पायाशी पुस्तकांचा गठ्ठा, मागे कधी केंद्रप्रमुख, कधी तापाने फणफणलेलं एखादं पोरगं. ते २०१५मध्ये रिटायर झाले. गाडी मात्र २०१९पर्यंत चालली. मग नारायणगावच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जी गेली, ती लॉकडाऊन आला नि गेला तरी तिथेच. तिच्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणि एक मांजर.

तिला बाहेर काढायची आयडिया माझी. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये नेऊन मोरपंखी रंग मारला, क्रोम चमकवलं, टायर-ट्यूब नवे, सीट नवी. आरटीओचं पुन्हा रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर, सगळं रीतसर. कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला, गाडी जरा आपल्या बाजूला आडवी केली (चेतकवाल्यांना हे समजावून सांगायला नको!) आणि तिसऱ्या किकला सुरू! आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिन उघडून बघू या असं कुणालाच वाटलं नाही. चालतंय ना? मग कशाला उघडायचं?

आता परत रस्त्यावर.

किकवर पाय ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा. हलेना. पाच मिनिटांत चार माणसं जमली आणि चौघांचं एकमत झालं, 'इंजिन बसलं. तेल कमी पडलं असणार.' अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "पेट्रोल तू भरलंस ना सकाळी? तेल घातलंस?"

"घातलं," मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

कारण असं की सकाळी पंपावर असताना माझा फोन वाजला होता. एका एडिटरचा. फ्रीलान्सर माणूस आंघोळ करताना फोन उचलतो, तर पंपावर का नाही उचलणार? तेव्हा चार लिटर पेट्रोल टाकीत गेलं हे मला आठवत होतं. त्यात ऐंशी मिली टू-टी ऑइल गेलं की नाही, ते काही केल्या आठवेना. बाटली डिकीत होती, अर्धी. पण ती आधीपासूनच अर्धी होती का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा फंडा. तुमच्या बाइकमध्ये इंजिनाचं तेल वेगळं असतं, खाली साठलेलं. जुन्या चेतकमध्ये पिस्टन आणि क्रँकसाठी असं वेगळं तेल नाही. पेट्रोलमध्येच लिटरला वीस मिली तेल मिसळायचं. ते पेट्रोलसोबत आत जातं आणि जाता जाता सगळ्या भागांना लागतं. तेल घालायला विसरलात तर सत्तावन्न मिलिमीटरचा पिस्टन मिनिटाला हजारो वेळा कोरड्या ब्लॉकमध्ये घासतो आणि थोड्याच वेळात धातूला धातू चिकटतो. म्हणजे जर मी विसरले असेन, तर सात वर्षं वाट बघून आणलेली आणि पुढे एकतीस वर्षं जपलेली गाडी मी एका फोनकॉलपायी मारली होती.

वीस मिनिटांनी इंजिन थंड झालं आणि किक सुटली. पण भसकन खाली गेली, काही जोरच नाही. अण्णांनी पान्याने प्लग काढला. टू-स्ट्रोकचा निरोगी प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो. हा पांढराफटक पडला होता आणि टोकावर मोहरीपेक्षा बारीक, चंदेरी मणी चिकटले होते. अण्णांनी तो उन्हात फिरवून बघितला. "पिस्टन वितळलाय," एवढंच म्हणाले.

अंधार पडायच्या आत निघा, असं जमलेल्यांपैकी एक काका तिसऱ्यांदा बजावत होते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे हे इथे कुणी सनसनाटी बातमी म्हणून सांगत नाही, पाऊस येणारे म्हणतात तसं सांगतात. माणिकडोहला तर बिबट्यांचं अख्खं निवारा केंद्र आहे. शेवटी टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन नारायणगावच्या मार्केटला चाललेला एक पिकअप थांबला. क्रेटच्या मधे चेतक आडवी बांधली आणि आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

कळंबच्या आसपास मला राहवेना. खाली मान घालून मी म्हणाले, "अण्णा, सॉरी. बहुतेक मी तेल घालायला विसरले."

अण्णा काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. घरी पोहोचेपर्यंत एक शब्द नाही. मला सणसणीत थोबाडीत बसली असती तर परवडली असती.

रविवारी सकाळी गाडी जुन्नरला, चाचांच्या गॅरेजमध्ये. गॅरेज म्हणजे शिवनेरी दिसेल अशा एका गल्लीत दीड खणाचं दुकान. बाहेर बसायला जुन्या बसचं सीट. चाचा आता पंच्याहत्तरीचे. १९८८मध्ये या गाडीची पहिली सर्व्हिस त्यांनीच केली होती. पुण्यातल्या गॅरेजमध्ये मारलेल्या मोरपंखी रंगाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि काही न बोलता रंगाचा विषय संपवला.

मी लगेच कबुलीजबाब सुरू केला, "चाचा, मी बहुतेक तेल..."

"थांब बेटा. आधी बघू दे."

मासकॉमला आम्हाला दोन वर्षं शिकवलं होतं की एका सोर्सवर बातमी करू नका. ते प्रत्यक्षात कसं करतात हे मी त्या दिवशी जुन्नरमध्ये बघितलं. चाचांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. पेपरच्या कोऱ्या कडेवर त्याचा एक थेंब टाकला. मग दुसऱ्या बाटलीत साधं पेट्रोल घेऊन, स्वतःच्या मापाने तेल घालून, हलवून त्याचा थेंब शेजारी टाकला. तिसरा थेंब नुसत्या पेट्रोलचा. पेपर उन्हात ठेवला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत पेट्रोल उडून गेलं होतं. नुसत्या पेट्रोलच्या जागी जवळपास काहीच नाही. उरलेल्या दोन जागी तेलकट गोल डाग, भजीच्या कागदावर पडतात तसे. दोन्ही सारखेच.

"तेल आहे बेटा. बरोबर मापात आहे."

मी बसच्या सीटवर बसलेच. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हामुळे, असं आपण म्हणू या.

पण चाचा एवढ्यावर खूश नव्हते. त्यांनी चार नट काढून हेड उचललं, मग ब्लॉक ओढून काढला आणि पिस्टन समोर आला. ज्या बाजूने जळालेला धूर बाहेर जातो त्या बाजूची कड मेणबत्तीसारखी ओघळली होती. टाळूच्या कडेला पावट्याएवढं भोक. त्या बाजूच्या रिंगा खाचेत वितळून बसलेल्या. दुसरी बाजू मात्र जवळजवळ स्वच्छ! खालचं कनेक्टिंग ओलं, तेलकट, कुठे निळं पडलेलं नाही. तेल नसतं तर पिस्टन चहूबाजूंनी ओरखडला असता आणि खालचं बेअरिंग कोरडं होऊन जळालं असतं, असं चाचांनी सांगितलं. म्हणजे दुसऱ्या पुराव्यानेही मी निर्दोष. इथे फक्त एकच बाजू वितळली होती, जी मुळात सगळ्यात गरम असते. मारेकरी उष्णता होती. ती आली कुठून?

एव्हाना गल्लीतली तीन-चार मंडळी जमली होती आणि त्यांनी निकाल देऊन टाकला, 'आजकालचं पेट्रोल!' इथेनॉल हा सध्या सगळ्या बिघाडांचा लाडका आरोपी आहे. आरोप अगदीच हवेतला नाही. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पण चाचांनी कार्ब्युरेटर उघडून जेट आकाशाकडे धरला. भोक लख्ख. गॅस्केट बरी. सीबी पॉइंटची गॅप बघितली, ठीक. मॅग्नेटची चावी जागेवर, म्हणजे ठिणगी भलत्या वेळी पडत नव्हती. थंड करणाऱ्या पंख्याची जाळी साफ. आरोपी एकेक करून सुटत गेले.

मग चाचांनी मॅग्नेट दोन्ही हातांत धरलं (इंजिनाच्या बाजूचं ते जड चाक, ज्यावर पंखा असतो) आणि वर-खाली हलवलं.

टक. टक.

ते हलायला नको होतं. जराही नाही. चाचांनी माझे हात त्यावर ठेवून मलाही हलवायला लावलं. मग पुलर लावून मॅग्नेट ओढून काढलं, तर मागची प्लेट काळ्या, तेलकट चिकट्याने माखलेली. "हे बघ. आतला माल बाहेर येतोय. म्हणजे बाहेरची हवा आत जाते."

या एका वाक्यात अख्खा रिपोर्ट होता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. आधी खाली, क्रँकच्या खोलीत येतं. पिस्टन वर जाताना ते आत ओढतो, खाली येताना वर ढकलतो. म्हणजे ती खोली हवाबंद पाहिजे. क्रँकचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे एक रबरी ऑइल सील असतं. ते गेलं की इंजिन कार्ब्युरेटरला न विचारता तिथूनही हवा ओढतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. चुलीत फुंकणी घातल्यावर काय होतं? तेच. जाळ भडकतो. त्यात पेट्रोल कमी म्हणजे त्याच्यासोबत येणारं तेलही कमी आणि त्याचा गारवाही कमी. एप्रिलचं ऊन, दोन माणसं, सरळ रस्ता आणि पूर्ण रेस... पिस्टनने किती वेळ तग धरायचा?

सील का गेलं? कारण त्याच्या शेजारचं बेअरिंग गेलं होतं, त्यामुळे दांडा डगडगत होता आणि सीलची कड खात होता. बेअरिंग का गेलं? चाचांनी ते काढून धुतलं आणि उजेडात धरलं. आतल्या कडीवर गंजाचे बारीक खड्डे. पाच-सहा पावसाळे गाडी एका जागी उभी. आत ओल धरली. वापराने बेअरिंग झिजतं ते ठीक, पण न वापरण्याने ते जास्त वाईट मरतं. आणि मी रंगावर चौदा हजार घातले होते. ऑइल सील येतं शंभराच्या आत-बाहेर.

"रेस सोडली तरी इंजिन खाली येत नव्हतं का? उगाच पळत होतं?" चाचांनी विचारलं.

येत नव्हतं! मंचरच्या चौकात मी रेस पूर्ण सोडली होती आणि इंजिन आपलं ताणून गातच होतं. मला वाटलं, वा, आज गाडी मूडमध्ये आहे.

"आणि आवाज? उजवीकडून, बारीक?"

तोही होता. दोन महिने होता. सुरुवातीला डास गुणगुणल्यासारखा, मग स्पीडबरोबर चढत जाणारा, मग एकदम सुईसारखा. मी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, जुनी गाडी आहे, आवाज करणारच.

"बेटा, तू नवीन आहेस, तुला नाही कळणार," चाचा म्हणाले. मग अण्णांकडे वळले. "पण गुरुजी, तुम्ही मागे बसला होता. तुम्हाला आवाज आला नाही?"

इथे मला थोडं मागे जायला हवं. अण्णांचे कान ही आमच्या घरातली दंतकथा आहे. दुरून येणारी एसटी नारायणगाव डेपोची की जुन्नरची, हे ते आवाजावरून सांगायचे. फळ्याकडे तोंड करून लिहिताना शेवटच्या बाकावर कोण कुजबुजलं, ते नावानिशी ओळखायचे. लहानपणी मला चेतकच्या पुढे उभं करून चालवताना मधेच म्हणायचे, 'ऐक, सायलेन्सरचा नट ढिला झालाय,' आणि थांबून बघितलं की खरंच झालेला असायचा. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पोरांना खोडदला घेऊन जायचे. तिथे आपली ती जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. पोरांना सांगायचे, 'हे आपल्या तालुक्याचे कान आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशात झालेली कुजबुज पकडतात.' (रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे, हे नंतर नीट समजावायचे. गुरुजी ते गुरुजीच.)

तर हे अण्णा चाचांसमोर उभे होते आणि हातातल्या चिंधीने त्याच त्या मेलेल्या प्लगला पुसत होते.

"नाही बुवा. काही आवाज नव्हता."

चाचांनी एक सेकंद त्यांच्याकडे बघितलं. मग ते धुतलेलं बेअरिंग बोटात घालून अण्णांच्या उजव्या कानाजवळ नेलं आणि फिरवलं. मी चार हातांवर उभी होते, मला ते ऐकू आलं. कोरडी, किरकिरी शिट्टी. दात शिवशिवतील अशी.

"कसं आहे?"

"ठीक आहे की," अण्णा म्हणाले.

चाचा दुसऱ्या बाजूला गेले. पुन्हा फिरवलं. अण्णांनी पुन्हा मान हलवली, पण या वेळी जरा उशिरा. त्यांनी चाचांचा चेहरा वाचला होता. मग माझाही वाचला. चाचांनी बेअरिंग चिंधीत गुंडाळून खिशात टाकलं आणि पोऱ्याला मोठ्याने हाक मारून दुसऱ्या गाडीचं काहीतरी काम सांगितलं. मित्राची लाज झाकायची ही त्यांची पद्धत असावी.

त्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात बाकीचे पुरावे आपोआप रांगेत लागले. टीव्हीचा आवाज, ज्यावरून आईची रोज कटकट. माझ्या भाचीचा फोन आला की 'घे, तू बोल' म्हणून आईकडे देणं. चैत्रात नारायणगावला तमाशाच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला येतात. त्या मोसमातल्या एका खेळाहून परत येऊन अण्णा म्हणाले होते, 'आता गाणाऱ्यांचे शब्दच स्पष्ट नसतात. ढोलकी तेवढी ऐकू येते.' आम्ही म्हणालो, हो ना, आजकालचे माईक!

आणि पिकअप. मी सॉरी म्हणाले तेव्हा ते रागावले नव्हते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, कधीपासून? त्यांनी मुद्दाम माझ्या ओठांकडे बघत उत्तर दिलं, "रिटायर झालो तेव्हापासूनच थोडं थोडं. शेवटच्या वर्षी पोरं काय बोलतात ते कळायचं नाही. मी म्हणायचो, मोठ्याने वाच. त्यांना वाटायचं, गुरुजी कडक आहेत." आणि मग, "तुझ्या आईला सांगू नको." आईला माहीत नसेल असं त्यांना खरंच वाटत होतं!

पुढच्या आठवड्यात पुण्यात ऑडिओमेट्री. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. समोर ग्राफ उमटतो. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. अण्णांची रेघ डावीकडे बऱ्यापैकी सपाट चालली आणि दोन हजार हर्ट्‌झनंतर माळशेजच्या कड्यासारखी खाली पडली. दोन्ही कानांत. वयाबरोबर कानातल्या ज्या पेशी मरतात त्यात बारीक आवाजवाल्या आधी जातात, असं ऑडिओलॉजिस्टने सांगितलं. त्यामुळे ढोलकी ऐकू येते. 'स', 'श', 'थ' येत नाहीत. बायकांचे आणि मुलांचे आवाज येतात पण शब्द कळत नाहीत. म्हणून माणसाला वाटतं की आपलं ठीक आहे, लोकच पुटपुटतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मशीन लावलं तर उरलेलं नीट वापरता येतं, आणि जितकं लवकर लावाल तितकी मेंदूला सवय लवकर होते.

अण्णांनी आधी नाही म्हटलं. मशीन म्हणजे म्हातारपण. मग ऑडिओलॉजिस्टने डेमो म्हणून एक कानामागे बसवून दिलं आणि खोलीतला पंखा लावला. अण्णांनी वर बघितलं. "याला आवाज आहे?" म्हणाले.

इकडे चाचांचं काम चालू होतं. बेअरिंगं आणि दोन्ही बाजूंची सीलं मी नाना पेठेतून आणली. क्रँक सरळ करून घेतला. ब्लॉकला नारायणगावच्या लेथवर बोअर मारला, त्यात अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन. सगळं मिळून साडेअकरा हजार. दादा म्हणाला, एवढ्यात इलेक्ट्रिक चेतकचं डाउनपेमेंट झालं असतं. मुद्दा बरोबर आहे. २००६च्या सुमाराला बंद पडलेलं चेतक हे नाव कंपनीने २०१९मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरला दिलं. त्यात ना तेल, ना पिस्टन, ना किक. मी ती अण्णांना चालवायला दिली होती. एक राउंड मारून आले आणि म्हणाले, "छान आहे. पण ही चालू आहे हे कळायचं कसं?" तेव्हा आम्ही हसलो होतो.

नवा पिस्टन बसेपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, तेल थोडं जास्त घालायचं आणि दर वीस किलोमीटरला थांबून इंजिन गार करायचं, अशी चाचांची ऑर्डर आहे. आतापर्यंत दोनशे चाळीस झाले. गेल्या रविवारी राहिलेली आत्याची फेरी मारली. कैऱ्यांचा सीझन गेला होता, म्हणून चकल्या. अण्णा मागे, उजव्या कानात मशीन. डाव्याचं पुढच्या महिन्यात घ्यायचं आहे, कारण किंमत ऐकून त्यांनी हप्त्याने बहिरं राहायचं ठरवलंय. हेल्मेटमध्ये मशीन शिट्टी मारतं म्हणून मंचरपर्यंत त्यांची कुरकुर चालू होती. वारा फार ऐकू येतो, तुझं जॅकेट फडफडतं, ट्रकवाले एवढे हॉर्न कशाला वाजवतात...

मंचर सोडल्यावर ते गप्प झाले. मागच्या वेळची ती जागा आली आणि गेली. मी रेस सोडून बघितली, इंजिन शहाण्यासारखं खाली आलं. उजवीकडून काही आवाज नव्हता. निदान मला तरी आला नाही.

मग खांद्यावर थाप पडली. "थांब, थांब. मागे काहीतरी वाजतंय. पत्रा."

"काही नाही वाजत, अण्णा."

"थांब म्हणतो ना."

थांबले. खाली उतरून त्यांनी नंबरप्लेटला बोट लावलं. एक स्क्रू पार सुटायला आला होता. डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी तो आवळला, प्लेटवर दोन टिचक्या मारून ऐकलं आणि मागे बसले. आत्याकडे पोहोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. आत्या म्हणाली, एवढा उशीर? अण्णा म्हणाले, "पोरगी हळू चालवते."